रुमालाखालची बोटं

सारंगखेडा
६ जानेवारी २०२५

चि. नवनीत, आईचा आशीर्वाद.

कागदावर लिहून त्याचा फोटो मोबाईलवर पाठवते आहे. फोन केला की दोन मिनिटांत तुझं नेटवर्क जातं, नाहीतर मीटिंग असते, आणि तू कापतोस. पत्र कापता येत नाही. तूही असंच लिही. आठवीपर्यंत शाळेत होतास, तेवढं पुरे.

बातमी अशी, की मी आणि तुझे आबा जगाच्या प्रवासाला निघालो आहोत. ह्या जत्रेपासून पुढच्या जत्रेपर्यंत. पाठीवर एकेक बॅग, बाकी काही नाही.

हसायचं ते नंतर हस. यंदा घोडे बघायला एक गोरं जोडपं आलं होतं, पोलंडचं. आबांच्या मागे मागे आपल्या ओट्यापर्यंत आलं. मी कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं. वर्षभर दोघं फिरतात, घराला कुलूप. खुणेने विचारलं, राहता कुठे? तर ती पोरगी उठली, मोरीवर बसली आणि सगळ्यांची ताटं घासून दाखवली. होस्टेल म्हणून असतं म्हणे, रोज दोन-तीन तास काम करायचं, खाट फुकट. शेजारची प्रमिलाबाई दारातून बघत होती. ती म्हणाली, "धनुबाई, हाई तं आपन रोजच करतस, आपले कोन खाट देस?" मला ते फार लागलं.

आबांना विचारलं तेव्हा ते चांदणी घोडीला खरारा करत होते. तीन दिवस खराराच करत राहिले. चौथ्या दिवशी जत्रेत चांदणी विकून आले. मग मी चेतनाच्या पोराच्या भूगोलाचं पुस्तक पुढे केलं, "कोठे जावानं शे?" म्हटलं. त्यांनी अख्ख्या जगात एकाच ठिकाणी बोट ठेवलं. तू आहेस तिथे. तुझं नाव नाही काढलं. दोन वर्षांत काढलेलं नाही, ते एकदम कसं काढतील? पण बोट ठेवलं. बाकीचे देश मी भरले.

ऑक्टोबरात तुझ्याकडे पोचतो. तुझं होटेल चाळीस खोल्यांचं आहे म्हणतोस, त्यातली एक आम्हाला दे.

तुझी आई

*

तिबिलिसी, जॉर्जिया
९ जानेवारी २०२५

चेतनाताई,

तळोद्यात घरात कोणी असेल तर हे उघडू नको. दाजी असले तर मुळीच नको.

आई आणि आबा इकडे निघालेत! तुझ्या पोराच्या पुस्तकातला नकाशा वापरला म्हणजे तुला माहीत होतंच. थांबवलं का नाही?

खरं काय ते जगात फक्त तुला माहीत आहे. तरी परत लिहितो, कारण खोटं इतकं बोललोय की मलाच अधूनमधून आठवण करून द्यावी लागते. हे होटेल नाही, होस्टेल आहे. चाळीस खोल्या नाहीत, चाळीस खाटा आहेत, एकावर एक. आणि मी मॅनेजर नाही, मी बेसिनवर आहे. भांडी घासतो, चादरी धुतो, संडास साफ करतो. नवापूरचा दानियल किचनमध्ये कांदे कापतो, त्यानेच मला इकडे आणलं. आठ माणसं माझ्या हाताखाली म्हणून सांगितलंय घरी. माझ्या हाताखाली एक नळ आहे, तोपण गळतो.

तू होतीस ना त्या दिवशी जत्रेत? सुरतला लूमवर चार महिने, सिल्वासाला दोन, पुण्यात पार्सल वाटत दीड, असं करून मी घरी आलो होतो. आबांनी दहा दलालांसमोर म्हटलं, "ह्या घोड्याच्या पायाला चक्र शे. कोणत्याच खुंट्याला टिकत नाही. असल्याले गिऱ्हाईक नसतं." आणि वर, "काही बनशील तवय तोंड दाखव." म्हणून इकडे आल्यावर पंधरा दिवसांत मी मॅनेजर बनलो. फोनवर.

ताई, आबांनी मला ओल्या एप्रनमध्ये बघितलं तर ते चिडणार नाहीत, मारणार नाहीत. गप्प बसतील. दोन वर्षं बसलेत, मग कायमचे बसतील. दुसरं काहीही चालेल मला, ते नको.

काहीतरी कर. पासपोर्ट लपव.

नवनीत

*

तिबिलिसी
१० जानेवारी २०२५

ती. आईस नमस्कार.

विचार फार चांगला आहे. पण इथली थंडी तुला माहीत नाही, नळात पाणी गोठतं. जेवणाचं म्हणशील तर ही माणसं ब्रेडमध्ये चीज घालतात आणि वरून परत चीज. भाकरीचं नाव नाही. रस्त्यावरची कुत्री वासराएवढी. आबांच्या गुडघ्याचं काय? आणि ऑक्टोबरात मला अजिबात वेळ नसतो. आठ माणसांना कामं वाटून द्यायची, सकाळी सह्या, दुपारी परत सह्या.

त्यापेक्षा तोरणमाळला जा. तळं आहे, ढग आहेत, थंडीपण आहे. जग बघितलं काय आणि ते बघितलं काय.

नवनीत (मॅनेजर)

*

पोखरा, नेपाळ
२ एप्रिल २०२५

चि. नवनीत (मॅनेजर) यास,

तोरणमाळ बघून झालंय. घाटात जीपमध्ये सोळा जण बसलो होतो, आबांचा गुडघा तेव्हाच गेला. आता नवीन काय जाणार?

इथे मोठं तळं आहे आणि त्याच्या मागे बर्फाचे डोंगर. आम्हाला एकावर एक खाटा मिळाल्या. आबा वरच्या खाटेवर, रिकिबीत पाय घातल्यासारखे चढतात. खाली मी. रोज दुपारी भांडी घासायची, एवढं काम.

आता एक गंमत, पण गावात कोणाला कळता कामा नये, आबांनी मला शपथ घातली आहे. म्हणून फक्त तुला लिहिते. आबा भांडी घासतात. हो, तुझेच आबा, जन्मात स्वतःचा तांब्या न उचललेले. पहिल्या दिवशी म्हणाले, मी आंगण झाडतो. दुसऱ्या दिवशी मला सर्दी झाली आणि मी पांघरूण घेऊन पडले. सत्तावीस ताटं होती. एक कोरियाची पोरगी त्यांच्या शेजारी उभी राहून साबण कसा लावायचा ते दाखवत होती, आणि हे मान डोलवत होते. सर्दी मला नव्हतीच.

टट्टूवाल्याशी मात्र त्यांनी भांडण केलं. तो म्हणाला सात वर्षांचं जनावर आहे, आबांनी तिथल्या तिथे तोंड उघडून दात बघितले आणि दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली, वर आणखी चार. सगळा रस्ता हसला. टट्टूवाल्याने आबांना चहा पाजला.

तुझ्या केबिनचा फोटो पाठव. आबा मागत नाहीत, पण मी मोबाईल उघडला की कसलंतरी निमित्त काढून माझ्या मागे येऊन उभे राहतात.

आई

*

तिबिलिसी
१९ एप्रिल २०२५

ती. आईस नमस्कार.

फोटो जोडला आहे. खुर्ची माझी, कोट माझा, मागची फाईल माझी. घाईत काढला, मीटिंग होती.

नवनीत (मॅनेजर)

*

होई आन, व्हिएतनाम
१४ जुलै २०२५

चि. नवनीत,

फोटो इतके दिवस रोज बघते आहे. आबांनीपण बघितला. मोबाईल हातात घेऊन काच धोतराने पुसली, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "खुर्ची मजबूत शे." अडीच वर्षांनी तुझ्याबद्दल बोलले ते हे. खुर्चीबद्दल का होईना.

इथल्या होस्टेलातली पोरं त्यांना पापा म्हणतात. पापा आता राख मागत फिरतात, साबणाने पातेल्याच्या तळाचं काळं निघत नाही म्हणे. कोळशाची राख आणून दिली तेव्हा शांत झाले. मी सकाळी स्वयंपाक करते. इथल्या लोकांना पिठलं आवडलं, तांदळाबरोबर खातात बिचारे.

आता तुझ्याकडचं सांग. मॅनेजरला गाडी असते ना, कोणत्या रंगाची? हाताखालच्या आठ माणसांची नावं लिही, आबा पाठ करून येतील. परक्या देशात माणसाला नावाने हाक मारली की बरं वाटतं त्याला. आणि त्या सह्या कोणत्या भाषेत करतोस, तेही लिही. मला उगीच आपलं विचारावंसं वाटलं.

आई

*

तळोदा
२० जुलै २०२५

नव्या,

अजून पासपोर्ट लपव म्हणतोस, ते बसलेत व्हिएतनामात. माझा हात तेवढा लांब नाही.

तुले कोनी सांगेल व्हतं मॅनेजर व्हवाले? कारकून म्हटलं असतंस तर भागलं असतं. बरं, आठ तरी का? दोन सांगितली असतीस तर दानियल आणि मांजर उभं केलं असतं.

आता ऐक. चाळीस पोरं राहतात ना तिथे? आठ निवड, चहा पाज आणि आबा आले की रांगेत उभी कर. मालकिणीला सगळं खरं सांगून टाक, बाईमाणूस आहे, समजेल. तू जास्त बोलू नको. आबा घोडा बघतात तसा माणूस बघतात, आधी तोंड उघडून. तू तोंड मिटून ठेव.

आणि हे निस्तरलं की मला तिकडून काहीतरी पाठव. अडीच वर्षं तुझं खोटं सांभाळते आहे, फुकट.

चेतना

*

तिबिलिसी
२४ ऑक्टोबर २०२५

ताई,

आले, राहिले, गेले. सांगतो सगळं, मध्ये बोलू नको.

अठरा तारखेला दुपारी आले. आबा वाळलेत. टोपी तीच, धोतर तेच, खाली मात्र बूट, आणि पाठीवर निळी बॅग. आई बसमधून उतरताना ड्रायव्हरला "थँक यू भाऊ" म्हणाली. मी दारात मालकीणबाईंच्या नवऱ्याचा कोट घालून उभा होतो. मालकीणबाईंना मी आधीच सगळं सांगितलं होतं. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसत त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली, आणि आईसमोर मला सर म्हणाल्या. दोनदा.

आठ माणसं उभी केली होती. तीन जर्मन, दोन कोरियाचे, एक ब्राझीलचा, एक कझाकस्तानचा आणि दानियल. सगळ्यांनी हात जोडले. एका जर्मनाने आबांच्या पायाला हात लावला आणि तिथेच बसून राहिला, पुढे काय करायचं ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दानियलने तर कहर केला. मी खोकलो की हा फाईल आणायचा. मला सर्दी झाली होती. आईने एक फाईल उघडून बघितली, आत कांद्याची सालं. "हिसाब शे का?" म्हणाली. दानियल म्हणाला, "हो, मावशी, किचनचा."

मग चहाला बसलो. सगळे गोल. आबा अजून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. चहा संपवला, कप खाली ठेवला, खांद्यावरचा रुमाल काढला आणि माझा उजवा हात ओढून त्याच्यावर टाकला. स्वतःचा हात आत घातला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅनेजरसाहेब, कितला मानसे शेतस तुमना हाताखाल?"

तुला जत्रेतला सौदा माहीत आहे. दलाल तोंडाने काहीही ओरडो, खरा आकडा रुमालाखाली बोटं धरून सांगायचा, बघणाऱ्याला कळत नाही. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा आबांनी शिकवलं होतं. तोंडाने खोटं बोललास तर तो धंदा आहे, पण रुमालाखाली खोटं बोललास तर परत जत्रेत पाय ठेवायचा नाही. आणि रुमालाखालचं कधी बाहेर काढायचं नाही, बायकोजवळही नाही.

मी तोंडाने म्हणालो, "आठ." मागून दानियल म्हणाला, "सर, मला धरून."

आबांचा हात आत वाट बघत होता. ताई, कोट होता, खुर्ची होती, माणसं होती, सगळी तयारी होती. हाताचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी मूठ मिटली. एक बोट नाही. शून्य.

त्यांनी मूठ तशीच धरून ठेवली. मग ती उघडली आणि अंगठ्याने माझ्या तळहाताच्या भेगा चाचपल्या, सोड्याच्या पाण्याने पडलेल्या, घोड्याचा खूर चाचपतात तशा, सावकाश. त्यांच्या अंगठ्यालाही भेगा होत्या. सारख्याच.

"आणि कितला वरीस व्हयनात आठे, ह्या देशमा?"

"तीन," मी म्हणालो, आणि आत तीन बोटं दिली. तीन वर्षांत वरचं आणि खालचं पहिल्यांदा जुळलं. ती तीन बोटं आबांनी बराच वेळ सोडली नाहीत. जर्मन पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग आबांनी रुमाल काढला, झटकला, खांद्यावर टाकला आणि मोठ्याने म्हणाले, "आठ मानसे! वा." आणि अजून चहा मागितला.

बस. पुढे पाच दिवस मी कोट घालून खुर्चीत बसलो आणि माझ्या बेसिनवर आबा. "सवय व्हई गई," म्हणाले, आणि खिळ्यावरचा माझा एप्रन काढून गळ्यात घातला. मी उठायला लागलो की आई म्हणायची, "बस रे, मॅनेजर माणूस भांड्यात हात घालत नाही." मला जन्मात इतकं कठीण काम कोणी दिलं नव्हतं.

आज सकाळी बस गेल्यावर किचनमध्ये आलो तर खिळ्यावर माझा एप्रन, आणि त्याच्यावर आबांचा रुमाल. विसरले, का ठेवला? तुला काय वाटतं?

नवनीत

*

सारंगखेडा
१९ नोव्हेंबर २०२५

चि. नवनीत,

पोचलो. कुलूप गंजलं होतं, दगडाने फोडावं लागलं. प्रमिलाबाई विचारते, एवढं जग बघितलं, चांगलं कोणतं? मी सांगितलं, जिथे वरची खाट आबांना आणि खालची मला, ते.

आता तुला सांगते. एप्रिलच्या त्या फोटोत तुझ्या कोटाच्या कॉलरमधून एप्रनची नाडी बाहेर लोंबत होती. ओली. तीस वर्षं कपडे धुते आहे मी, मला सुकी आणि ओली नाडी कळते. तेव्हापासून मजाच घेत होते. गाडीचा रंग तू अजून कळवला नाहीस.

मी रागावले नाही. पण एक ऐक. आबांना ह्यातलं काही माहीत नाही आणि कळू देऊ नकोस. सकाळपासून ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मन्हा पोऱ्याना हाताखाल आठ मानसे शेतस." तुझं नाव तीन वर्षांनी ह्या घरात मोठ्याने ऐकते आहे. ते खोट्यावर उभं आहे, तर राहू दे उभं.

आई

*

सारंगखेडा
२० नोव्हेंबर २०२५

नवनीत यास गिरधर आबाचा आशीर्वाद.

हे पत्र मी पोस्टात स्वतः टाकतो. तुझ्या आईला माहीत नाही. माझं शिकणं चौथी, अक्षर बघून हसू नको.

तुझ्या आईला आठ माणसं खरी वाटतात. वाटू दे. तिच्यासाठी मी ओट्यावर आठच सांगतो. मूठ रुमालातच राहील, माझा शब्द आहे.

आठ माणसांचं मला कौतुक नाही. आठ माणसं कोणीपण हाताखाली घेतो, ती उद्या दुसऱ्याच्या हाताखाली जातात. मी म्हटलं होतं तू कोणत्याच खुंट्याला टिकत नाहीस. तू एका नळाला तीन वर्षं टिकला. मी पण भांडी घासून आलो. एका ठिकाणी महिना झाला की माझा जीव पळून जायचा आणि तुझ्या आईला म्हणायचो, चल पुढच्या देशात. तीन वर्षं कशी होतात ते मला आता कळतं. हेच मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी इतके दिवस गप्प बसलो नसतो. चूक तुझी पण आहे, माझी पण आहे.

चार डिसेंबरला जत्रा भरते. महिनाभर चालेल. चांदणीला शिंगरू झालं आहे, तिचा मालक घेऊन येणार आहे. ते मला पाहिजे. तो माणूस चलाख आहे, माझा गुडघा धड नाही, सौद्याला जोडीला घरचा माणूस लागतो. जमलं तर ये. नाही जमलं तर पुढच्या जत्रेला. पायाला चक्र असलेला घोडा वाईट नसतो, मी तेव्हा रागात बोललो.

रुमाल विसरलो नाही.

पातेल्याचा तळ राखेने घासत जा. तुझ्या तिथली पातेली मी बघितली, लाज वाटली.

गिरधर

*

तिबिलिसी
१२ डिसेंबर २०२५

ती. आई आणि आबा, दोघांना नमस्कार. आईने हे मोठ्याने वाचावं.

मी बावीस तारखेला निघतो. मालकीणबाईंनी महिन्याची सुट्टी दिली. इथल्या कामाची काळजी नको. माझं काम इथल्या पोरांनी वाटून घेतलंय, रोज एकजण. काल मोजली, दानियलला धरून आठ आहेत. खरीच. सगळ्यांना राखेने घासायला शिकवलंय, जर्मन जरा कच्चे आहेत.

शिंगराच्या मालकाला म्हणावं, घाई करू नको, आमचा माणूस येतोय. गाडीचा रंग विचारला होता, तर सुरतहून एसटीने येतो, लाल.

ताईसाठी चीज आणतो आहे. आबांचा रुमाल धुऊन, इस्त्री करून बॅगेत सगळ्यात वर ठेवला आहे.

मी येईपर्यंत आईने आबांना काही सांगू नये आणि आबांनी आईला काही सांगू नये. का, ते एकमेकांना विचारूही नये. तिघांचं जमलंय तसं चालू दे.

बाकी सगळं रुमालाखाली.

तुमचा
नवनीत (बेसिन)